मूल तुमच्या घरी, फाईल समितीकडे

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: आम्ही नवरा-बायको पंचेचाळिशीच्या आतबाहेरचे, बारा वर्षांची मुलगी आहे. दत्तक घ्यायचं नाही, पण बालगृहातलं एखादं मूल काही वर्षं घरी सांभाळावं असं मनात आहे. फॉस्टर केअर आपल्याकडे खरंच चालतं का? आमचे हक्क काय, आणि उद्या मूल परत नेलं तर? शिवाय गावी माझे मामा वारले, मामींनी दुसरं लग्न केलं. मामांची दोन मुलं तीन वर्षं माझी मावशी सांभाळतेय. तिच्याकडे कागद एकही नाही. तिचं काय?

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळ्या खिडकीवर मिळतात. मी बरीच वर्षं मुलांच्या संस्थाबाह्य सेवेत, म्हणजे बालगृहाऐवजी कुटुंबात मुलं सांभाळली जावीत यासाठीच्या कामात होते, नंतर एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीवर सदस्य होते. त्या अनुभवावरून सांगते.

चालतं का? चालतं, पण फार कमी. अमेरिकन मालिका बघून आपण समजतो की सरकारी गाडी येते आणि मूल रातोरात कुणाच्यातरी घरी पोचतं. तिथे फॉस्टर घरं हीच मुख्य व्यवस्था आहे. आपल्याकडे मुख्य व्यवस्था आजही बालगृहाची. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 मात्र कलम 3 मध्ये स्पष्ट म्हणतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा. कायदा पुढे आहे, यंत्रणा मागून येतेय.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ आहे. इथे 'बालसंगोपन' म्हटलं की लोकांना तेच फॉस्टर केअर वाटतं. आता त्या योजनेचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. त्यात महिन्याला 2,250 रुपये मिळतात, आणि बहुतेक वेळा मूल आपल्याच आईकडे, आजीकडे नाहीतर काकांकडे राहतं. एक पालक गेलेला, पालक तुरुंगात, पालकाला दुर्धर आजार, अशा घरांना तो आधार आहे. म्हणजे मूल हलत नाही, पैसे हलतात. फॉस्टर केअर, सरकारी भाषेत प्रतिपालकत्व, यात मूल स्वतःच्या कुटुंबाबाहेरच्या घरी जातं, तेही बाल कल्याण समितीच्या आदेशाने. आणि दत्तक ही तिसरीच गोष्ट. दत्तकाचा आदेश झाला की मूल कायद्याने तुमचं, जन्मदात्यांशी नातं संपलं. फॉस्टरमध्ये असं काहीही होत नाही. मुलाचं आडनाव तेच राहतं, जन्मदात्यांच्या मालमत्तेतला त्याचा वाटा तसाच राहतो, तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप वारसा येत नाही. द्यायचं मनात असेल तर मृत्युपत्र करा.

तुम्ही दत्तक नको म्हणता ते एका अर्थी बरंच आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहा-सात जोडप्यांना फॉस्टर म्हणजे दत्तकाच्या रांगेतली मागची वाट वाटायची. देशभरात वर्षाला जेमतेम चार-साडेचार हजार दत्तकं होतात आणि वाट पाहणारे पालक तीस हजारांच्या वर, त्यामुळे त्यांची घालमेल कळते. पण जे मूल दत्तकयोग्य आहे ते दीर्घकालीन फॉस्टरमध्ये देताच येत नाही. कलम 44 मध्ये तसं थेट लिहिलंय. त्यातही कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालेल्या सहा वर्षांखालच्या मुलासाठी दत्तक घरच शोधायचं असतं. म्हणून फॉस्टरसाठी तुमच्यासमोर येणारं मूल बहुधा सहा ते सतरा वयाचं असेल. भेटायला कुणी फिरकत नाही असं, किंवा आईबाप आहेत पण सांभाळू शकत नाहीत असं. गोंडस तान्हं बाळ डोळ्यांसमोर असेल तर ते चित्र आताच पुसून टाका.

केंद्राच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी दोन गोष्टी बदलल्या. आधी फक्त जोडप्यांना परवानगी होती. आता अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित व्यक्तीही अर्ज करू शकतात. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणीही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. दुसरं म्हणजे फॉस्टरमधलं मूल पुढे दत्तकयोग्य ठरलं, तर त्याच घराला दत्तक मागण्यासाठी पूर्वी पाच वर्षं थांबावं लागे, आता दोन. जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं असावं, दोघांच्या वयाची बेरीज किमान 70 असावी, एकट्या व्यक्तीचं वय किमान 35. तुम्ही बसता यात.

अर्ज ऑनलाइन, दत्तकाचंच 'केअरिंग्ज' पोर्टल आता याही कामाला वापरतात. पण पोर्टलवर भरून गप्प बसू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तिथे संस्थाबाह्य सेवांचे संरक्षण अधिकारी बसतात. त्यांना जाऊन भेटा. या माणसाची आणि तुमची पुढची काही वर्षं गाठ आहे. वैद्यकीय दाखले, पोलिस पडताळणी, उत्पन्नाचा पुरावा हे सगळं होतं, आणि मग गृहभेट.

गृहभेटीला लोक घर आवरून, फरसाण मांडून बसतात. बघायचं असतं ते निराळंच. मूल झोपणार कुठे, दप्तर ठेवायला त्याचा स्वतःचा कप्पा आहे का, तुमच्या मुलीला हे कुणी नीट सांगितलंय का. मुलीशी अधिकारी वेगळं बोलतील, बोलू द्या. मी एका घरी आजींना विचारलं, "बाहेरचं मूल आलं तर तुम्हाला चालेल का?" आजी म्हणाल्या, "चालेल की. जात तेवढी कळली तर बरं." हे वाक्य अहवालात जसंच्या तसं लिहावं लागतं. नवरा-बायको दोघेही शिकलेले, भले होते. पण दिवसभर दोघं कामावर, आणि पोराचं जेवणखाण आजींच्या हातात. त्या घराची शिफारस झाली नाही.

गृहभेटीचा अहवाल, मुलाच्या परिस्थितीचा अभ्यास अहवाल, वैयक्तिक काळजी आराखडा हे सगळं जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या प्रायोजकत्व (मूल घरीच ठेवून दिलेली आर्थिक मदत) व प्रतिपालकत्व मान्यता समितीपुढून फिरतं आणि अंतिम आदेश बाल कल्याण समिती देते. समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. बसतात ते खंडपीठ म्हणून, आणि त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. कार्यालय मात्र बहुतेक ठिकाणी बालगृहाच्या आवारातच एखादी खोली, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. ती खोली बघून तिचं वजन कमी समजू नका.

माझं सगळं सांगणं शेवटी एका कागदाशी येऊन थांबतं: आदेश. मूल घरी आणताना त्याची प्रत हातात घ्या आणि तिथेच वाचा. मुदत किती, जन्मदात्यांच्या भेटी कधी आणि कुठे, शाळा कोणती, औषधोपचार काय चालू आहेत, पैसे कुणाच्या खात्यात. जे लिहिलेलं नाही ते विचारा आणि लिहून घ्या. "ते बघू नंतर" असं तोंडी मिळालं तर तीन महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही, आणि मग भांडण तुमच्यात आणि त्या मुलाच्या आईत लागतं.

आता हक्क. मी जन्मदात्यांपासून सुरू करते, कारण त्यांच्या वतीने कुणीच प्रश्न विचारत नाही.

आईबाप अपात्र किंवा असमर्थ ठरले म्हणून मूल फॉस्टरमध्ये गेलं, तरी त्यांना ठरावीक अंतराने भेटायचा हक्क कलम 44 देतं. तो थांबवायचा तर भेट मुलाच्या हिताची नाही असं समितीला वाटलं पाहिजे आणि कारणं लेखी नोंदवली पाहिजेत. ते सावरले, समितीने त्यांना योग्य ठरवलं, की मूल परत जाऊ शकतं. कायद्याचा रोखच तिकडे आहे. गरिबी हे एकट्याने मूल काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आपल्याकडेही पैसे नाहीत एवढीच अडचण असेल तर उत्तर बालसंगोपन किंवा प्रायोजकत्व हे आहे, मूल हलवणं नव्हे. आणि ज्या आईने स्वतःहून मूल समितीकडे सोपवलं, तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. हे दोन महिने पुष्कळ आयांना कुणी सांगतच नाही.

एक भेट सांगते. आई दोन एसट्या बदलून आलेली. पिशवीत चिवड्याची पुडी आणि नवा टी-शर्ट, मुलाला दोन मापं लहान, कारण तिने त्याला वर्षभर पाहिलंच नव्हतं. फॉस्टर आई बाजूला बसलेली. मुलाने टी-शर्ट घातला, बेंबी उघडी पडली, तरी काढेना. भेट संपल्यावर फॉस्टर आई मला म्हणाली, "मॅडम, ही येऊन गेली की दोन दिवस हा अभ्यासाला बसत नाही, चिडचिड करतो. भेटी बंद करा ना." तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मूल बिथरतंच. पण बिथरणं म्हणजे भेट वाईट असं नाही. बऱ्याचदा भेट तुटक, वर्षातून एकदा होते म्हणून ते बिथरतं. आम्ही भेटी महिन्यातून एकदा केल्या आणि समुपदेशक जोडून दिला. फॉस्टर घराची गैरसोय हे भेट थांबवायचं कारण कायद्यात नाही. तुम्हाला हे जमणार नसेल तर अर्ज करण्याआधीच विचार करा. माझ्या मते या एका गोष्टीवर निम्मी घरं गळायला हवीत.

मुलाचे हक्क यादी करून सांगण्यात अर्थ नाही, पण काही गोष्टी घरात रोज आड येतात. त्याला कुठे आणि का पाठवतोय हे त्याच्या वयाला समजेल असं सांगितलं गेलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून नोंदवलं गेलं पाहिजे. सख्खी भावंडं शक्यतो एकाच घरी. दर महिन्याला पाहणी, आणि त्या पाहणीत अधिकाऱ्याने मुलाशी तुमच्याशिवाय बोललं पाहिजे. घर कमी पडतंय असं दिसलं तर मुलाला तिथून काढून दुसऱ्या घरी ठेवायचा अधिकार समितीला आहे. त्याचं नाव, धर्म, भाषा बदलायची नाही. मुलगी गोंडी बोलत असेल तर "आमच्या घरी मराठीच" असलं काही नको.

आणि फोटो. कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "आमच्या घरी आलेला नवा पाहुणा" म्हणून व्हॉट्सॲप स्टेटसला मुलाचा चेहरा टाकणारे सज्जन लोक मी पाहिलेत. सोसायटीच्या गणपतीत निवेदकाने माईकवर सांगितलेलंही ऐकलंय. मुलाची गोष्ट मुलाची आहे, तुमच्या चांगुलपणाची जाहिरात नाही.

बालगृहातून आलेलं मूल पहिले काही आठवडे बालगृहाच्याच वेळापत्रकावर जगतं. एक मुलगा पहाटे साडेपाचला टॉवेल-साबण घेऊन बाथरूमच्या दारात उभा राहायचा, मागे कुणी नाही तरी रांगेत उभा राहिल्यासारखा. फ्रिज उघडायला परवानगी मागायचा. घरातल्यांना ही शिस्त वाटली, कौतुक सुरू झालं. दोन महिन्यांनी त्याने पहिल्यांदा ताट आपटलं तेव्हा ते घाबरून कक्षात आले. मी म्हटलं, आता तो घरी आला. हे सगळं प्रशिक्षणात सांगितलं जायला हवं. सांगितलं नाही तर मागून घ्या.

तुमचे हक्क तुम्हाला वाटतात त्याहून कमी आणि यंत्रणेला वाटतात त्याहून जास्त आहेत. मुलाच्या आजाराची, शिक्षणाची, त्याच्यावर गुदरलेल्या प्रसंगांची माहिती, जेवढी त्याला सांभाळायला लागते तेवढी, तुम्हाला आधी मिळाली पाहिजे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेलं मूल काहीही न सांगता घरी पाठवणं हा दोघांवरही अन्याय आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली फॉस्टर घराला मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात. ते मुलाच्या खर्चाचे आहेत, तुमचं मानधन नव्हे. आणि हप्ता महिनोन् महिने अडकतो हेही धरून चाला. ज्या घराचं गणित त्या चार हजारांवर बसतं, त्याने हे काम अंगावर घेऊ नये. मुलाविषयी निर्णय होताना तुमचं म्हणणं ऐकलं जावं असा आग्रह धरा, आणि खरंच झेपत नसेल तर समितीला तसं लिहून कळवा. पण रविवारी रात्री मुलाला बालगृहाच्या फाटकाशी सोडून येणं चालणार नाही. मोठी शस्त्रक्रिया, पासपोर्ट, जिल्ह्याबाहेर मुक्काम, शाळाबदल यासाठी आधी समितीला विचारा.

"मूल परत नेलं तर?" नेतील. तेच अपेक्षित आहे. तुमच्या मुलीला हे आज सांगा. मूल जाताना ते कसं जावं, फोन करता येईल का, सुट्टीत येता येईल का, हे तुम्ही मागू शकता आणि चांगली समिती ते आदेशात घालते. पण त्याला अडवायचा हक्क तुम्हाला नाही.

कुणालाही आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील. साधारणपणे समितीच्या आदेशावर बाल न्यायालयात जायचं, पण फॉस्टर केअर, प्रायोजकत्व आणि अनुरक्षण (अठरा पूर्ण झाल्यावर मिळणारा आधार) यांच्या आदेशांवर कलम 101 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे. वकिलांचाही इथे गोंधळ होतो आणि तीस दिवस चुकीच्या दारात जातात. समितीच्या कारभाराविषयीची तक्रारही जिल्हाधिकाऱ्यांकडेच. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण; 1987 च्या कायद्याप्रमाणे महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मुलाच्या आईलाही मिळतो, हे तिला कुणीतरी सांगा.

आता मावशीकडे येऊ. मावशी म्हणजे या मुलांच्या सख्ख्या आत्या. कायद्याच्या काटेकोर अर्थाने हे फॉस्टर नाही, कारण मूल घरच्यांकडेच आहे. त्यांना 'फॉस्टरसाठी' पोर्टलवर अर्ज करायला लावू नका, वर्ष वाया जाईल. त्यांनी मुलांना घेऊन बाल कल्याण समितीपुढे जावं. मामांचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार, बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आणि मामी कुठे आहेत ते. समिती चौकशी करून मुलं आत्याच्या ताब्यात असल्याचा आदेश देऊ शकते, त्यांना मुलं सांभाळायला 'योग्य व्यक्ती' ठरवू शकते आणि बालसंगोपन मंजूर करू शकते. केंद्राच्या प्रायोजकत्वाचे 4,000 रुपये हवे असतील तर वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 आहे. दोन्हींचा लाभ एकाच वेळी मिळेल असं धरू नका. तुमच्या बाबतीत कोणतं बसतं ते कक्षात विचारा.

मामींचा मुद्दा नाजूक आहे. दुसरं लग्न केलं म्हणून आईचं पालकत्व आपोआप संपत नाही. बाप गेल्यावर नैसर्गिक पालक तीच. समिती तिला बोलावेल. गावाकडे अशा वेळी "तिने सोडून दिली पोरं" एवढ्यावर विषय संपवतात. बऱ्याचदा सासरच्यांनी मुलं ठेवून घेतलेली असतात. ती येऊन लेखी म्हणाली की मुलं तिथेच राहू देत, तर सगळं सुरळीत होईल. ती मागायला आली, तर तिचं म्हणणं ऐकलं जाणारच. आणि मुलांचंही.

मामांची जमीन असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद. सातबाऱ्यावर दोन्ही मुलांची आणि मामींचीही नावं लागली पाहिजेत, त्याही वारस आहेत. मुलांच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा पालनकर्ता) म्हणून कुणाचं नाव लागलं, तरी त्या माणसाला जमीन विकायचा हक्क मिळत नाही. नुसतं सांभाळतो म्हणून अज्ञान मुलाची मालमत्ता कुणालाच विकता-वाटता येत नाही. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 11 हेच सांगतं. मालमत्तेचा व्यवहार करायचाच असेल तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. मावशींचा हेतू स्वच्छ असेलही, पण भावकीत उद्या कुणी बोट दाखवलं तर हातात कागद हवा.

एक गोष्ट मात्र कुणाच्या सांगण्यावरून करू नका: स्टँपपेपरवर "मूल दत्तक दिले-घेतले" असा करार. एखादे टायपिस्ट तो सर्रास करून देतात. कायदेशीर प्रक्रिया टाळून दत्तक दिलं-घेतलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुमच्याकडे मोठं मूल आलं तर ते सतरा वर्षांचं होताच समितीकडे पुढचं लेखी विचारा. अठरानंतरच्या अनुरक्षणाची तरतूद कायद्यात बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना धरून लिहिली आहे, त्यामुळे फॉस्टरमधली मुलं मधल्यामध्ये निसटतात. आईवडील दोघेही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राची तयारीही तेव्हाच सुरू करा. राज्यात 2018 पासून अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे आणि त्यासाठी समितीची जुनी फाईल, संस्थेतल्या प्रवेशाच्या नोंदी लागतात. अठरा झाल्यावर त्या शोधत फिरण्यात त्या पोराचं एक प्रवेशवर्ष सहज जातं.

मावशींचं काम तातडीचं आहे, आधी ते उरका. त्या निमित्ताने समितीची खोली, कक्षातली माणसं बघून होतील. तुमचा अर्ज त्यानंतर करा, आणि जाताना मुलीलाही सोबत न्या.